दुर्बिणीतल्या फोटोंची वाटणी

१९९३ च्या मे महिन्यात, गासमधल्या आमच्या घराची वाटणी झाली त्या दुपारी, घरातले दुर्बिणीचे सगळे फोटो मधोमध कापण्यात आले. कापले माझ्या वडिलांनी. धरून दिले त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या काकांनी. फोटो माझ्या आजाचे होते. आजा त्या आठवड्यात विरारला आत्याकडे होता. त्याला विचारलं गेलं नाही.

दुर्बीण हा आमच्या घरातला शब्द. वस्तू वेगळी होती. लाकडी दांड्यावर बसवलेली दोन भिंगं, त्यांच्याभोवती कपाळाला टेकेल अशी पत्र्याची झापड, आणि दांड्यावर पुढेमागे सरकणारी एक आडवी पट्टी. पट्टीच्या खाचेत जाड पुठ्ठ्याचं कार्ड अडकवायचं. कार्डावर एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. नुसत्या डोळ्यांना ते अगदी सारखे दिसत. भिंगांतून पाहिलं की दोनाचा एक होई आणि त्या एकाला खोली येई. जवळचं जवळ, लांबचं लांब, माणूस भिंतीपासून सुटा. डब्यात आगबोटी होत्या, पिरॅमिड होते, बर्फाने झाकलेला रस्ता होता, एक प्रचंड धबधबा होता आणि अमेरिकेत भरलेल्या एका जागतिक प्रदर्शनाचे पुष्कळ देखावे होते: पांढऱ्या इमारती, तळी, आकाशपाळणा, टोप्या घातलेली गर्दी. हा डबा माझ्या पणजोबांनी आणला. ते मुंबईत एका चहावाल्या साहेबाकडे बटलर होते. विसावं शतक नुकतंच सुरू झालं होतं. त्या प्रदर्शनात हिंदुस्थानच्या चहाचं दालन उभं राहिलं आणि तिथे चहा द्यायला साहेबाने जी माणसं बोटीने नेली, त्यांत पणजोबा होते. आजा लहान असतानाच ते वारले.

त्यांचा म्हणून घरात एकच फोटो होता, आणि तो आहे की नाही यावर घरात एकमत नव्हतं. चहाच्या दालनाच्या कार्डावर मधोमध पागोटं बांधलेला एक माणूस तबक घेऊन उभा आहे. त्याच्यामागे टेबलं, किटल्या, पंखे हातात घेतलेल्या गोऱ्या बाया. फोटोच्या उजव्या कडेला एक नक्षीदार खांब आणि खांबाला लागून एक काळपट डाग. नुसत्या डोळ्यांना ती खांबाची सावली वाटते. आजाचं म्हणणं असं की दुर्बिणीतून पाहिलं की तो डाग खांबापासून सुटतो, पुढे येतो आणि हात मागे बांधून उभा असलेला माणूस होतो. तो त्याचा बाप. आजाच्या आईने त्याला मांडीवर घेऊन दाखवला होता. मी शाळकरी असताना दुर्बीण लावली तेव्हा मलाही खांबापुढे कोणीतरी सुटा उभा दिसला होता, चेहरा सांगता येईल इतका नाही. पपा शाळेत गणित शिकवायचे. त्यांना कधीच काही दिसलं नाही. "आधी सांगून ठेवलं की दिसतं," एवढंच ते म्हणायचे, आणि आजा दुर्बीण पुसून डब्यात ठेवायचा.

आमचं घर म्हणजे पुढे ओटा, मागे पडवी, पडवीपलीकडे मोगऱ्याचे वाफे, केळी आणि बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं छोटं तळं. आमच्याकडे प्रत्येक वाडीत ते असे. पहाटे रहाटाऐवजी आलेला पंप भडभडायला लागायचा, त्याच सुमारास चर्चची घंटा व्हायची आणि पडवीत मोगऱ्याच्या कळ्या मोजून पुड्या बांधल्या जायच्या. उन्हाळ्यात केळी सोलून मांडवावर सुकत घालायची. सुकेळ्यांचा तो गोड, जरा आंबूस वास कपड्यांना लागायचा आणि कॉलेजात मुली मला विचारायच्या, तुझ्या दप्तरात काय आहे. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथे ते बोलणं सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहिलं आहे, त्यात जे हरवलं ते हरवलं.

वाटणीची आमच्याकडची रीत अशी की थोरल्याने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे थोरला स्वतःच्या सोयीचे वाटे करत नाही. पपांनी त्या दिवशी सकाळपासून वाटे केले. तांब्याची भांडी, पाट, मोठ्या कढया, कोयते, घरातल्या आलतारावरची, म्हणजे वेदीवरची, मेणबत्त्यांची जोडी. प्रत्येक गोष्टीवर काहीतरी निघायचं. कढई मोठी पण काठाला चिरलेली, पाट जास्त पण डुगडुगणारे. मम्मीने सगळ्यांसाठी मैद्याचे फुगे तळले होते आणि सोबत बोंबलाचं कालवण होतं; दोन्ही भाऊ एकमेकांकडे न पाहता जेवले. बावखलाचा प्रश्न तसाच ठेवून जेवणानंतर फोटोंचा डबा उघडला गेला. पपांनी दोन ढीग केले. काकांनी चहाच्या दालनाचं कार्ड ज्या ढिगात होतं त्यावर हात ठेवला. पपांनी तो ढीग ओढला. ज्यांना त्या कार्डात काही दिसत नव्हतं, तेही ते सोडायला तयार नव्हते.

"एवढं भांडता कशाला," काकी म्हणाली. तिने एक कार्ड उजेडात धरलं. "बघा तरी. एकावर दोन-दोन आहेत, सारखेच. एक तुम्हाला, एक आम्हाला. देवानेच वाटणी करून ठेवलीय."

सगळ्यांनी कार्डं पाहिली. दिवसभरात पहिल्यांदा कोणी हरकत घेतली नाही. काका हसले. "पास्कू, सिकेटर आण," पपा काकांना म्हणाले. मोगऱ्याची छाटणी करायचा सिकेटर पुठ्ठ्याला कमी पडला, मग पत्रा कापायची कात्री आली. पपांनी पट्टी ठेवून, पेन्सिलीने रेघ मारून प्रत्येक कार्ड बरोबर मध्यावर कापलं. डावा तुकडा डाव्या ढिगात, उजवा उजव्या ढिगात. काकांनी उजवा ढीग उचलला, कारण देखाव्याचं नाव प्रत्येक कार्डावर उजव्या फोटोखाली छापलेलं होतं. दुर्बीण आमच्याकडे आली आणि तिच्या बदल्यात भिंतीवरचं घड्याळ काकांकडे गेलं. चहा झाला. एवढी नीट वाटणी त्या घरात दुसऱ्या कशाचीच झाली नाही.

आजाची वाटणी झाली नाही. तो मधल्या खोलीत राहिला, जिचं एक दार आमच्याकडे उघडायचं आणि एक काकांकडे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन आदल्या वर्षी झालं होतं. आत्याकडे तो गेला होता तो दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीसाठी. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात एका डोळ्याने भागतं, घाई नाही. आत्यानेही तेच सांगितलं. आजा ऐकेना. पावसाळाभर तो तेच बोलत राहिला आणि दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डोळ्यावरचा हिरवा कपडा सुटून काळा चष्मा आला, काळा चष्मा सुटला, आणि एका सकाळी तो ओट्यावर उन्हात बसून मला म्हणाला, "बाय, दुर्बीण आण. आता दोन झाले."

तेव्हा आम्हाला कळलं की दुसरा डोळा त्याने कशासाठी करून घेतला.

पपांनी सांगितलं. त्यांनी ते वर्गात उत्तर सांगावं तसं सांगितलं, कोणाचं नाव न घेता: फोटो वाटले गेले, त्यासाठी कापावे लागले. मी डाव्या तुकड्यांचा डबा आजापुढे ठेवला. त्याने एक तुकडा उचलून कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"उभे कापले की आडवे?"

"उभे. बरोबर मध्ये."

"मग दुसरा वाटा आणा," आजा म्हणाला. "जोडून लावू."

हे वाक्य बोलायला सोपं होतं. त्या वेळपर्यंत बावखलावरून दोन्ही भावांचं बोलणं बंद झालं होतं. काकांना त्यांच्या बाजूचा भाग बुजवून तिथे भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. अर्धं बावखल बुजवता येत नाही, असं पपांचं म्हणणं. दोघांचं म्हणणं खरं होतं आणि त्यामुळे तोडगा निघत नव्हता. निरोप मधल्या खोलीतून जात. मी या दारातून आत जायचे, आजाच्या खाटेपाशी उभी राहायचे आणि त्या दाराशी काकी यायची.

"फोटो आहेत गं, कुठे जातात," काकी म्हणाली. "पण चिकटवलेत. अल्बममध्ये. चांगले राहावेत म्हणून."

त्या काळात चिकट पानांचे अल्बम निघाले होते. पानावर फोटो ठेवायचा आणि वरून प्लास्टिकचा पापुद्रा दाबायचा. फोटो त्यावर कायमचा बसायचा.

"मी काढते ना हळूच."

"उचकटलं तर फाटेल. मग पुन्हा आमच्याच नावाने खडे फोडणार तुम्ही."

"आजाला बघायचेत, काकी."

"मग अल्बम देते की. बघू दे त्याला." तिने आजाकडे पाहिलं. "बाबा, अल्बम बघा. ह्याच्यात तर नावं पण आहेत."

आजाने अल्बम घेतला, एक पान पाहिलं आणि मिटला. "हे चपटे आहेत," तो म्हणाला. काकीला ते कळलं नाही. मी समजावलं, पपांनी दारापलीकडून मोठ्याने समजावलं, दोन डोळे, दोन कोन, मध्ये अंतर. काका त्यांच्या बाजूने म्हणाले, "मास्तरांना हे कापायच्या आधी माहीत नव्हतं का?" पुढे बरीच वर्षं मी पपांना या प्रश्नाचं उत्तर विचारायचं ठरवत होते. विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही."

काका-काकींची परवानगी मिळेपर्यंत नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. घरोघरी गोठे रचायला लागले, संध्याकाळच्या रोझरीनंतर कॅरलची तालीम ऐकू यायची. मी गजऱ्याचा दोरा ताणून फोटो आणि पान यांच्यामधून करवतीसारखा ओढायचे. दोरा तुटायचा, पुन्हा घ्यायचा. काकी शेजारी बसून प्रत्येक तुकड्याला "जपून" म्हणायची. तुकडे निघाले. काहींच्या पाठीचा पापुद्रा पानालाच राहिला. जाड पुठ्ठ्यावर डावा आणि उजवा शेजारी ठेवून, पपांनी कागदावर काढून दिलेल्या अंतराप्रमाणे चिकटवून मी पहिलं कार्ड आजाच्या हातात दिलं. धबधबा. आजाने पट्टी मागे घेतली, पुढे घेतली, थांबवली. मग म्हणाला, "पाणी पडायला लागलं." त्या दिवशी त्याने बोट पाहिली, बर्फ पाहिला, आकाशपाळणा पाहिला. काकांचा छोटा मुलगा आणि आमचा कुत्रा दोघे खाटेखाली बसले होते. दोन्ही दारं उघडी होती. मला वाटतं तेवढा एकच दिवस असा गेला.

"चहावाला लाव," आजा म्हणाला.

अल्बमच्या त्या पानावर चिकट पट्ट्यांच्या मधोमध चौकोनी रिकामी जागा होती.

"तो स्मरणिकेला दिलाय," काकी म्हणाली.

जानेवारीत आमच्या चर्चच्या सणाला स्मरणिका निघणार होती. गावच्या जुन्या माणसांचे फोटो मागवले होते. काकांनी तो तुकडा नेऊन दिला होता. स्मरणिकेचं काम एक निवृत्त मुख्याध्यापक पाहत आणि छपाई तुळिंजला होती. मी सरांकडे गेले. सर म्हणाले, फोटो प्रेसकडे आहे. तुळिंजच्या बाजारात भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत प्रेस शोधला. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ओरिजिनल आम्ही ठेवतच नाही मॅडम. निगेटिव्ह निघाली की पार्टीला रिटर्न. सर घेऊन गेले असतील ना." सर म्हणाले, "मी कशाला नेऊ? त्यांनाच नीट विचार." प्रेसवाला म्हणाला, "सणाची सगळी कामं एकदम आलीयेत, बघतो, सोमवारी या." सोमवारी गेले तर तो नव्हता. त्याच्या भावाने टेबलाचे खण उघडून दाखवले. त्यांत लग्नपत्रिकांचे नमुने होते. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी केली आणि असे कितीतरी लोक भेटले ज्यांच्याकडचा फोटो आम्ही छापायला नेला आणि परत दिला नाही. त्यांना काय सांगायचं ते मला आधीच पाठ होतं.

स्मरणिका आली. पान उघडलं. फोटो छापला होता आणि खाली ओळ होती की अमेरिकेतील जागतिक प्रदर्शनात गासचे सुपुत्र, आणि पणजोबांचं नाव. फोटोत होता मधला पागोटेवाला, तबक घेतलेला, पानाच्या मापात बसावा म्हणून दोन्ही कडांनी कापलेला. उजव्या कडेचा खांब नव्हता. खांबाजवळचा डागही नव्हता.

"पास्कू, हा बाप नाही," आजा म्हणाला.

काका दाराशी उभे होते. "बाबा, खांबाजवळचं काळं छापलं असतं तर लोकांनी काय बघितलं असतं? हसले असते. हा स्पष्ट दिसतो. सरांनी विचारलं, यातले तुमचे कोण, मी म्हटलं हे."

"हा मंगळुरी. बापाचा जोडीदार. त्याची पत्रं यायची आईला, बाप गेल्यावर."

"आता छापलंय ना. मिस्साला सगळ्यांनी बघितलं. फादरांनी हात मिळवला माझ्याशी."

पपा या वेळी आमच्या दारात होते. त्यांनी बोलायला हवं होतं असं मला वाटलं. पण त्यांना तो डाग कधीच माणूस म्हणून दिसला नव्हता. एका न दिसणाऱ्या माणसासाठी दिसणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना सुचलं नसावं. ते एवढंच म्हणाले, "अर्धा छापला काय नि सगळा छापला काय, तुकडा कुठाय ते सांग." काका म्हणाले, "कापला कोणी?" आणि दोन्ही दारं बंद झाली.

तुकडा मिळत नव्हता, पण त्याचा छापलेला भाग हातात होता. तुळिंजमध्येच प्रेसजवळ झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे नवं मशीन लहानमोठं करून द्यायचं. मी स्मरणिकेतला फोटो आमच्या डाव्या तुकड्याशी मिळता होईपर्यंत काढून घेतला. "मॅडम, तेच तेच काय काढताय," दुकानवाला म्हणाला. "एकदा माप फिक्स करा ना." शेवटी पागोट्याचं पागोट्याशी आणि तबकाचं तबकाशी जुळलं. उजव्या कडेला जिथे छापलेला फोटो संपत होता तिथे मी कोरा कागद लावला.

सकाळी ओट्यावर ऊन आलं तेव्हा आजाने दुर्बीण लावली. झेरॉक्सचा फोटो ठिपक्याठिपक्यांचा होता. मला वाटलं जुळणार नाही. आजा पट्टी सरकवत राहिला. पपा ओट्याच्या या टोकाला केळी सोलत होते, काका त्या टोकाला सायकलला पंप मारत होते. कोणीही आत जात नव्हतं.

"किटल्या उठल्या," आजा म्हणाला. मग म्हणाला, "बाया मागे गेल्या. तबक पुढे आलं. मंगळुरी उठला, चांगला उठला."

काकांचा पंप थांबला.

आजाने पट्टी आणखी जवळ घेतली, मग लांब. भिंगं पदराने पुसायला मला दिली, परत घेतली. त्याने उजवा डोळा मिटला, उघडला. डावा मिटला, उघडला. डाव्या तुकड्यात खांब होता आणि डाग होता. उजवीकडे त्या जागी कोरा कागद. एकाच डोळ्याला दिसणारी गोष्ट खांबापासून सुटत नाही. हे मी रात्रीच ताडलं होतं आणि तरी आशा धरली होती.

"सगळे उठून उभे राहिले," आजा म्हणाला. "बाप खांबातच राहिला."

पपा उठून त्याच्याजवळ गेले. त्यांनी पहिल्यांदाच आपणहून दुर्बीण मागितली आणि डोळ्यांना लावली. काका सायकल सोडून अर्ध्या ओट्यापर्यंत आले. पपा बराच वेळ पाहत होते. त्यांना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. दुर्बीण त्यांनी काकांकडे दिली आणि काकांनी ती डोळ्यांना लावली. दुपारी काका स्वतः तुळिंजला प्रेसमध्ये जाऊन आले आणि हात हलवत परत आले.

आजा त्या उन्हाळ्यात वारला. बावखल पुढे बुजवलं गेलं, सगळंच, दोघांच्या सह्यांनी. स्मरणिकेतलं पान काकांच्या बैठकीत चौकटीत आहे आणि गावच्या नंतरच्या एका पुस्तिकेत तोच पागोटेवाला त्याच नावाने छापला गेला आहे. मी चूक कळवली होती. दुरुस्ती आली नाही. बातमीच्या टेबलावर मी कितीतरी वर्षं फोटोओळी तपासल्या, डावीकडून कोण, उजवीकडून कोण. पागोटेवाल्याची एक ओळ मला बदलता आली नाही. आता असले फोटो परदेशी ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. त्या चहाच्या दालनाचे इतर देखावे मी तिथे पाहिले. हा त्यांत नाही.

दुर्बीण आणि डावे तुकडे माझ्याकडे आहेत. उजवे तुकडे काकांच्या मुलाने आणून दिले, तेही त्याच डब्यात आहेत. चहाच्या दालनाचा उजवा तुकडा नाही. काकीला मी मागच्या नाताळात पुन्हा विचारलं. ती म्हणाली, सरांना दाखवून झाल्यावर तो द्यायला ती काकांबरोबर तुळिंजला गेली होती, आणि शेवटचा पाहिला तो तिथेच. प्रेसवाल्याने तो हातात घेतला, उलटून पाहिला, टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून वर काचेचा पेपरवेट ठेवला.